परक्या कंपनीच्या लेन्सचा सूड

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो, आणि मी कोणालाही माफ केलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही म्हणायला नको की म्हातारीने गोड बोलून फसवले. तुमच्या निबंधातली जुनी छत्री, जुना फळा, जुनी एसटी या सगळ्या फार बिचाऱ्या असतात. जन्मभर झिजतात आणि शेवटी सर्वांचे भले चिंतून कोपऱ्यात बसतात. मीही झिजले आहे, पण बिचारी मात्र नाही.

माझ्या कंपनीचे नाव मिराको. तुम्ही ऐकले नसेल, त्यात तुमचा दोष नाही. कॅमेरे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपापल्या कॅमेऱ्यांसाठी आपापल्या लेन्स बनवतात. काही कंपन्या मात्र कॅमेरा बनवतच नाहीत. त्या फक्त लेन्स बनवतात, दुसऱ्यांच्या कॅमेऱ्याला बसतील अशा. मी त्यांतली. माझी काच घासली, पुसली, तिच्यावर जांभळट झाक मारणारा थर चढवला, ते सगळे परक्या घरी नांदायला पाठवण्यासाठीच. फोटो चांगला आला की लोक कॅमेऱ्याचे नाव घेतात. फोटो बिघडला की म्हणतात, लेन्स परक्या कंपनीची होती ना! सासुरवाशिणीचे दुःख मला कोणी शिकवायला नको.

अकोल्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवमनभाऊंचे कॅमेऱ्याचे दुकान होते. तिथल्या काचेच्या कपाटात मी बरेच दिवस बसून होते. माझ्या एका बाजूला केल्विस्टा, दुसऱ्या बाजूला सोटार. दोघीही माझ्यासारख्याच, परक्या कंपन्यांच्या. केल्विस्टा अंगाने जाड, गळ्यात सोनेरी पट्टी, डबा तर असा की आत दागिना आहे असे वाटावे. सोटार ठेंगणी, काळी, बिनपट्टीची. एके दिवशी बाळापूरची नईमा दुकानात आली आणि आम्हा तिघींची परीक्षा सुरू झाली.

नईमा लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो काढायची. बाळापूरच्या मुस्लिम घरांत बायकांच्या खोलीत परका पुरुष जात नाही, मग तो फोटोग्राफर असला म्हणून काय झाले! म्हणून नईमाला बोलावणे यायचे. पुढे हिंदू घरांतल्या आयाही हळदीच्या वेळी तिलाच बोलवू लागल्या, कारण तिच्यासमोर पोरी मोकळ्या हसायच्या. तिचा नवरा अय्युब शेरवान्या शिवायचा. तोही त्या दिवशी सोबत होता, काखेत एक लाल शेरवानी घेऊन.

"यातली कोणती चांगली, देवमनभाऊ?" नईमाने विचारले.

"मले इचारशील त तिन्ही चांगल्या. मले तिन्ही विकाच्या हायेत."

"मंग मीच पायते."

तिने काय केले, ऐका. शेजारच्या बंद शटरवर वर्तमानपत्राचे एक अख्खे पान चिकटवले. कॅमेरा स्टुलावर पक्का बसवला आणि आम्हा तिघींना पाळीपाळीने लावून त्या पानाचा फोटो काढला. मग अय्युबला शेरवानी धरून उभे केले. मग दुकानातला पिवळा दिवा समोर पेटवून आमच्या तोंडावर उजेड घेतला, म्हणजे कोणती डोळे मिचकावते ते कळावे. देवमनभाऊ गिऱ्हाइके सोडून हा खेळ बघत राहिले.

फोटो छापून आले तेव्हा ती भिंग घेऊन बसली. केल्विस्टाच्या फोटोत लाल शेरवानी विटकरी झाली होती, आणि चित्र स्पष्ट करायला फिरवतात ती तिची रिंग मनगटात ढिल्या झालेल्या बांगडीसारखी हलत होती. सोटारने पानाच्या मधला मजकूर सुईसारखा टोकदार उतरवला होता, पण कडेला येईपर्यंत अक्षरे पातळ वरणासारखी पसरली होती. माझ्या फोटोत पानाच्या खालच्या कोपऱ्यातली हरवलेल्या म्हशीची जाहिरातसुद्धा वाचता येत होती, शिंग मोडके असल्याच्या खुणेसकट. दिवा समोर आला तेव्हा मी थोडी फिकी पडले, हे मी लपवणार नाही. पण माझे तोंड मोठे होते. ज्या लेन्सचे तोंड मोठे, ती कमी उजेडातही पोटभर उजेड खाते. बायकांच्या खोल्यांत उजेड कसा असतो, हे नईमाला चांगले ठाऊक होते.

देवमनभाऊंनी मला डब्यात घालता घालता एक सांगितले. "ध्यानात ठेवजो, हिची रिंग उलटी फिरते. कॅमेऱ्याच्या कंपनीची लेन्स जिकडे फिरवतात, त्याच्या उलट."

"मले कंपनीच्या लेन्सची सवयच नाई, भाऊ. मले उलटं काय न सुलटं काय?"

अशी मी बाळापूरला नांदायला गेले. अय्युबने उरलेल्या मखमलीची माझ्यासाठी पिशवी शिवली. त्याच पिशवीत त्याने हौसेने करून आणलेला एक रबरी शिक्काही होता: 'नईमा, बाळापूर'. फोटोच्या मागे मारायचा. तो शिक्का कोरडाच होता. कोरडा का, ते आता सांगते. पुढे तिने ती ठेंगणी सोटारही घरी आणली. म्हणजे मला सवत आली. मी तिच्याशी कधी नीट बोलले नाही.

मित्रांनो, त्या वर्षांत मी जे पाहिले ते तुमच्या मोठमोठ्या लेन्सनी पाहिले नसेल. भारनियमनात दिवे गेलेले, खोलीत एक मेणबत्ती, नवरीच्या हातावर ओली मेंदी, आणि दाराशी उभी राहून रडू दाबणारी तिची आई. रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी नवरीचे कपाळ बापाच्या खांद्याला टेकते तो क्षण. हळदीत एकमेकींच्या गालांना पिवळे करून पळणाऱ्या काकवा. मी पापणीवरचे पाणी उतरवले, नथीच्या मोत्यावरची खिडकी उतरवली. घरोघर बायका अल्बम उघडून म्हणायच्या, "माय व माय, काय फोटो हाय!" आणि मग म्हणायच्या, "सूर्यभानचा हात काय चालते!"

हा सूर्यभान कोण? अकोल्यातल्या मोठ्या स्टुडिओचा मालक. नईमाला बोलावणे यायचे तेही त्याच्यामार्फतच: लग्नाची ऑर्डर तो घ्यायचा, आणि बायकांची बाजू नईमाकडे सोपवायचा. काम झाले की नईमा तिचे रोल त्याच्या हाती द्यायची. फोटो छापून आले की स्टुडिओच्या आतल्या खोलीत त्याची बायको वच्छला एकेक फोटो उलटा करून मागे शिक्का मारायची: 'सूर्यभान फोटो स्टुडिओ, अकोला'. जन्मात कधी ज्या खोलीत पाय ठेवला नाही, तिथल्या फोटोंवर त्याचे नाव! वरून लोक त्याच्या हाताचे कौतुक करायचे आणि तो मान तुकवून ते घ्यायचा.

नईमाला फार काही नको होते. तिला तिच्या फोटोमागे तिचे नाव हवे होते. तिने एकदा विचारलेही. "भाऊ, माया फोटोवर माया शिक्का मारा न."

सूर्यभानने माझ्याकडे बोट केले. "थ्या डुप्लिकेट लेन्सवर? माया नावानं खपून रायले तुये फोटो, नईमा. कंपनीची लेन्स ते कंपनीची लेन्स. बाकी सारं डुप्लिकेट."

डुप्लिकेट! मित्रांनो, मी कोणाची नक्कल नव्हते. माझ्या अंगावर माझ्याच कंपनीचे नाव होते, मोठ्या कंपनीचे चोरलेले नव्हते. परकी असणे वेगळे आणि खोटी असणे वेगळे. एवढा फरक ज्याला कळत नाही त्याच्या दारावर स्टुडिओ अशी पाटी होती. त्याच दिवशी मी मनात गाठ मारली. पण खरी आग पुढे लागली.

पुढची वर्षे वऱ्हाडाला वाईट गेली. कापसाने दगा दिला, पावसाने दगा दिला, आणि लग्ने घरच्या मांडवातून उठून मैदानात आली. दहा घरांचा खर्च एका मांडवात बसवायचा म्हणून सामूहिक विवाह होऊ लागले. फोटोग्राफरांची घरची कामे आटली. पूर्वी अल्बम मागणारे लोक आता म्हणायचे, चार फोटो काढा, बस. अशात अकोल्याच्या एका समितीने मोठा सर्वधर्मीय विवाह मेळावा ठरवला. प्रत्येक जोडप्याला समितीकडून एक फोटो फ्रेम करून मिळणार होता. बऱ्याच घरांत लग्नाचा तेवढाच फोटो राहणार होता. हे काम ज्याला मिळेल त्याचे नाव चांदूर बाजारपासून बाळापूरपर्यंत भिंतीभिंतीवर लागणार होते. नईमाने धीर करून स्वतःच्या नावाने ते काम मागितले. सूर्यभानने तर मागितलेच होते.

समितीचे महादेवराव भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "भांडण कशाले? दोघायचे कॅमेरे एकाच कंपनीचे हायेत. एकाच कॅमेऱ्यावर दोनी लेन्स लावा, मले समोर बसवा. दूध का दूध, पानी का पानी." फोटो देवमनभाऊंनी काढायचे ठरले, कारण ते कोणाच्याच बाजूचे नव्हते.

मी आनंदले होते. मला वाटले, चला, आज होऊन जाऊ द्या! मेळाव्याच्या मैदानात, जमलेल्या फोटोग्राफरांसमोर, महादेवराव पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले. आधी सूर्यभानची कंपनीची लेन्स लावून फोटो झाला. मग माझी पाळी आली. तेवढ्यात सूर्यभान पुढे झाला. "आणा, पुसून देतो. बाई मानसाले धुयीचं काय समजते?" असे म्हणत त्याने मला हातात घेतले. डोक्यावरून एकदा हात फिरवला. केसांना त्याच्या नेहमी तेल थापलेले असायचे. आणि तोच अंगठा त्याने माझ्या मागच्या काचेवर दाबून फिरवला.

पुढची काच सगळ्यांना दिसते, मित्रांनो. मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात जाते. तिच्यावर काय आहे ते कोणाला दिसत नाही, फोटोलाच कळते. मी ओरडू शकले असते तर ते मैदान दुमदुमले असते. पण मी काच. देवमनभाऊंनी मला बसवले आणि बटण दाबले.

फोटो छापून आले तेव्हा कंपनीच्या लेन्सने महादेवरावांच्या टोपीची शिलाईही उतरवली होती. माझ्या फोटोत महादेवराव दुधात पडल्यासारखे दिसत होते. सूर्यभान सगळ्यांसमोर हसला. "म्हटलं होतं न मी? डुप्लिकेट ते डुप्लिकेट." बाकीचे फोटोग्राफरही हसले. नईमा मला पिशवीत घालून निघाली. बसमध्ये तिने पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

घरी येऊन तिने मला उजेडाकडे धरले तेव्हा मागच्या काचेवर तेलकट अंगठा स्पष्ट दिसला. तिने तो पुसला, पण तेलाने काचेवरचा थर खाल्ला होता. त्याची एक फिकट रेघ कायमची राहिली. ती देवमनभाऊंकडे गेली. ते म्हणाले, "तू खोटं बोलत नाई, हे मले मालूम हाय. पन अंगठ्याले कोर्टात मान हाय, माय, मांडवात नाई." समितीचा निर्णय झाला होता. काम सूर्यभानला गेले. त्यातही बायकांच्या बाजूला नईमाच लागणार होती, कारण तिथे दुसरे कोणी जाऊ शकत नव्हते. म्हणजे मेहनत तिची आणि शिक्का पुन्हा त्याचाच.

अय्युब म्हणाला, "जाने दे." नईमा म्हणाली, "कैसे जाने दूँ?" आणि मी मनात म्हणाले, शाब्बास, नईमा, जाऊ देऊ नकोस. त्या दिवसापासून मी एकच विचार केला. मला हात नाहीत, पाय नाहीत, जीभ नाही. पण ज्या अंगठ्याने माझी अब्रू घेतली, तो अंगठा आणि त्याची बोटे एक ना एक दिवस माझ्या हाती लागली पाहिजेत.

आणि लागली. ऐका.

मेळाव्याच्या दिवशी मैदानावर हा मोठा मांडव पडला होता. एका बाजूला निकाह, एका बाजूला बौद्ध वधूवर प्रतिज्ञा घ्यायला उभे, आणि मधे मंगलाष्टके. निकाह आणि प्रतिज्ञा आटोपल्या की सगळ्या जोडप्यांनी एकाच वेळी एकमेकांना हार घालायचे ठरले होते, मुहूर्त गोरज. उजेड उतरू लागला होता आणि जनरेटरचे दिवे धापा टाकत होते. नईमा वधूंच्या पडद्याआड होती. चांदूर रेल्वेची प्रणाली नावाची एक नवरी तिला पुन्हा पुन्हा विचारत होती, "ताई, माया एकटीचा नको, आमचा दोघायचा येईन न?" तिचा होणारा नवरा अमोल पुण्याला कामावर निघायचा होता. ती मागे सासरी राहणार होती. तिला फोटो हवा होता तो त्यासाठी.

तेवढ्यात व्हिडिओवाल्याच्या वायरीत पाय अडकून सूर्यभान आडवा झाला. कॅमेरा वाचला, पण लेन्स अंगाखाली आली आणि तिची रिंग जाम झाली. भटजींनी सूर लावला होता. सूर्यभान पडद्यापाशी धावत आला.

"नईमा, तुयी लेन्स दे! लवकर!"

"डुप्लिकेट हाय न ते, भाऊ?"

"दे व बाई! मंगलाष्टक सुरू झाले!"

नईमाने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि एकदा प्रणालीकडे. मग तिने आपल्या कॅमेऱ्यावरून मला काढले आणि त्याच्या हाती दिले. दिले आणि वर बजावलेही. "भाऊ, हिची रिंग उलटी फिरते. आपली सवय सोडून फिरवजा."

"मले शिकवते काय तू? तू शाळेत जात होती तवापासून कॅमेरा हाय माया हाती."

मित्रांनो, याहून गोड वाक्य मी जन्मात ऐकले नाही.

फोटोग्राफर रिंग डोक्याने फिरवत नाही. तेवढा वेळच नसतो. नवरीचे हात वर उठतात आणि त्याची बोटे आपोआप फिरतात, जशी वर्षानुवर्षे फिरत आली तशी. भटजी 'सावधान' म्हणाले, अक्षता उडाल्या, हार उचलले गेले. सूर्यभानची बोटे सवयीने फिरली. चेहरे स्पष्ट व्हायचे ते पुसट झाले. तो घाबरला. घाबरलेला माणूस सवयीचे तेच आणखी जोराने करतो. त्याने आणखी फिरवले, चेहरे आणखी पुसट झाले. मग उलटे फिरवले, तोवर जोडपे बाजूला झालेले. पुढच्या जोडप्याला पुन्हा तेच. तो रांगेतून पळत होता, घाम पुसत होता, बटण दाबत होता. मी त्याला अडवले नाही, काही बिघडवले नाही. मला जशी बनवली होती तशीच मी फिरत होते. त्याची बोटे माझ्या अंगावर घसरत होती आणि मी म्हणत होते, फिरव अजून, फिरव!

तिकडे नईमाने ती ठेंगणी सोटार कॅमेऱ्यावर चढवली आणि पडदा सारून वधूंसोबत बाहेर आली. सोटारला कडा जमत नाहीत, हे तिला त्या शटरवरच्या पानापासून माहीत होते. म्हणून तिने प्रत्येक जोडप्याला फोटोच्या मधोमध धरले. कडेला मांडव पातळ झाला तर झाला. सवतीने त्या दिवशी माझ्या घराची लाज राखली. एवढे मी तिच्याबद्दल पहिल्यांदाच बरे बोलते आहे, आणि शेवटचेही.

सगळे आटोपल्यावर सूर्यभानने मला घामट हातांनी परत केले आणि मांडवाच्या पायरीवर बसला. नईमाच्या रोलमध्ये एक फोटो उरला होता. चौकट रिकामी ठेवून रोल धुवायला द्यायचा नाही, ही फोटोग्राफरांची रीत. तिने मला पुन्हा कॅमेऱ्यावर चढवले, समोर जे होते त्याचा फोटो घेतला आणि रोल गुंडाळला. समोर तो बसला होता. त्याला कळलेही नाही.

सूर्यभानचे फोटो छापून आले तेव्हा त्यांत ओल्या पडद्यामागून पाहिल्यासारखी माणसे होती. हार कोणता आणि हात कोणता, कळत नव्हते. नईमा रोल घेऊन स्टुडिओत गेली तेव्हा महादेवराव तिथे डोक्याला हात लावून बसले होते. वच्छलाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. शिक्का आणि शाईची डबी नेहमीप्रमाणे त्यांच्या हातात होती.

"आन थे रोल," सूर्यभान म्हणाला.

"देते. पन शिक्का माया."

"ठेका माया नावावर हाय."

"मंग तुमचेच फोटो लावा न फ्रेममंदी."

महादेवरावांनी डोक्याचा हात काढला. ते म्हणाले, "शिक्का कोनाचा का असेना, सूर्यभान. पोरीईले फोटो पायजे."

सूर्यभानने मान खाली घातली. वच्छलाबाईंनी हातातला शिक्का टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चाला, आज माया हाताले सुटी." फोटो छापून आले तेव्हा नईमाने मखमली पिशवीतून तो कोरडा शिक्का काढला. पहिल्यांदा शाई लागली तेव्हा रबर ती पिऊनच टाकत होते. दोनदा दाबावा लागला. मग एकेक फोटोमागे 'नईमा, बाळापूर' उमटत गेले. प्रणालीचा आणि अमोलचा फोटोही त्यात होता, दोघांचा, अगदी मधोमध. निगेटिव्हही या वेळी नईमा स्वतःच्या घरी घेऊन गेली.

त्यानंतर लोक थेट बाळापूरला येऊ लागले. नईमा कोण, असे विचारत. मित्रांनो, तुमच्या पुस्तकात लिहिलेले असते की सूड घेऊन मनाला शांती मिळत नाही. मी खोटे कशाला सांगू? मला मिळाली. फार गार वाटले. फक्त पोट भरले नाही. नाव नईमाला मिळाले होते, पण तो अंगठ्याचा गुन्हा त्याने कधी कबूल केला नाही. देवमनभाऊंच्या दुकानात तो अजून म्हणायचा, लेन्सच खराब होती.

आता मी कपाटात असते. नवे कॅमेरे आले, ते स्वतःच सगळे स्पष्ट करून देतात, रिंग कोणी फिरवत नाही. माझ्या आत बुरशीचे पांढरे धागे धरू लागले आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल त्यांनी ऐका. तिला बंद कपाटात कुजवू नका, अधूनमधून उन्हाचा उजेड दाखवा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, मऊ फडके घ्या. आणि दोन लेन्सची तुलना करायचीच असेल तर अंगावरचे नाव वाचू नका. भिंतीला वर्तमानपत्र लावा आणि कोपरा वाचा. माणसांचीही तुलना करायची असेल तर तसेच करा म्हणते मी.

इथे थांबणार होते. पण मागच्या वर्षी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय माझा जीव राहायचा नाही.

सूर्यभान वारला. बसल्या जागी, हातात चहाचा कप असताना. आठवडाभराने वच्छलाबाई एसटीने एकट्याच बाळापूरला आल्या. नईमाने त्यांना पाणी दिले.

"त्याचा फोटो नाई व घरात, नईमा," पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या. "साऱ्या जिल्ह्याचे काढले. सोताचा एक नाई. ओळखपत्रावरचा हाय, त्यात त्याले मीच ओळखत नाई. हार कोनाले घालू?"

मी कपाटातून ऐकत होते. मी म्हणाले, देऊ नकोस, नईमा. ज्याने दुसऱ्याचे नाव खाल्ले त्याला बिनचेहऱ्याचे राहू दे. पण नईमा उठली. जुन्या निगेटिव्हांचा डबा काढून एकेक पट्टी उजेडाला धरत बसली. वच्छलाबाईही तिच्यासोबत जमिनीवर बसल्या. त्या मेळाव्याच्या रोलमधली शेवटची चौकट सापडली.

फोटो मोठा करून आणल्यावर मीही पाहिला. माझाच होता. मांडवाच्या पायरीवर बसलेला माणूस, चष्मा हातात, केस विस्कटलेले, दमलेला. कानाजवळचा पांढरा केस न केस दिसत होता. वच्छलाबाई पाहत राहिल्या. "असाच दिसे तो," त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर." आणि मग रडल्या.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी सवयीने फोटो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"शिक्का काहून नाई मारला?"

"नको, वहिनी. हार घालाचा फोटो हाय."

"आन इकडे."

नईमाने शिक्का दिला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच टेबलावरून घेतला. शाईवर टेकवला, फोटोवर ठेवला आणि तळहाताचे वजन टाकून दाबला, वर्षानुवर्षे त्या खोलीत दाबायच्या तसा. वर उचलून फुंकर घातली. "तुया फोटोवर त्याचा शिक्का मीच मारला न इतके वर्सं? मंग हा बी मीच मारीन."

त्यांनी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अकोल्याच्या गाडीला निघून गेल्या. आता त्यांच्या घरी समोरच्या भिंतीवर सूर्यभान आहे, हार घातलेला, आणि त्याच्या पाठीवर नईमाचे नाव आहे.